आजोबांच्या नावाचा बिल्ला

जुना तांब्या तराजूत टाकण्याआधी मोडवाले आप्पा तो उलटा करून, बाळाची पाठ थोपटावी तसा थोपटत. मानवतच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान, शेजारी माझं वह्या-पुस्तकांचं. बायका जुन्या पितळेची मोड देऊन नवं भांडं न्यायला येत आणि आप्पांचं सगळं लक्ष तांब्यातून काय पडतं त्याकडे!

पडायचे ते बिल्ले. महायुद्धाच्या काळात निजामाच्या मुलखात चिल्लर मिळेनाशी झाली, तेव्हा दुकानदारांनी आपापल्या नावाचे पितळी बिल्ले पाडले. उरलेल्या सुट्ट्या पैशांऐवजी गिऱ्हाइकाला बिल्ला मिळे; पुढच्या खेपेला तो द्यायचा, माल न्यायचा. "सरकारचं नाणं गायब झालं, तवा दुकानदाराच्या शब्दावर बाजार चालला," आप्पा ऐटीत सांगत. काचेच्या पेटीत मखमलीवर त्यांनी हे बिल्ले मांडले होते, प्रत्येकाखाली चिठ्ठी. पार गंगाखेडपर्यंतचे होते; नव्हता तो फक्त त्यांच्या स्वतःच्या आजोबांचा. चिल्लर पुन्हा मिळू लागल्यावर आजोबांनी आपला दिसेल तो बिल्ला पैसे देऊन परत घेतला आणि वितळवला होता. "लय सचोटीचा माणूस! नातवापुरता एक तरी ठेवायचा की," म्हणून आप्पा हसत. पण तीस वर्षं त्यांनी शोध सोडला नाही.

गेल्या वर्षी मोड आणायला आम्ही माझ्या स्कूटरवरून पोखर्णीला गेलो. घरची म्हातारी पूजा करत होती. ताम्हनात देवांबरोबर एक झिजलेली चकती. हळदीखालची अक्षरं दिसली आणि आप्पांनी माझा दंड घट्ट धरला. आजोबांचंच नाव!

"मावशी, ह्यो कोणता देव?"

"नाव न्हाई ठावं, आप्पा. सासूबाईनं पुजायला दिला. लय पावतो."

मी तोंड उघडणार तोच आप्पांनी डोळे वटारले. टोपी सारखी केली, हात जोडले आणि बाहेर आले.

मी भडकलोच. "सांगायचं होतं ना! म्हातारीनं लगेच दिला असता."

"म्हणूनच न्हाई सांगितलं. तिचा देव मोडीत काढू का? आज्याला रोज हळदकुंकू मिळायलंय. माझ्या मखमलीवर काय मिळंल त्याला?"

मानवत येईपर्यंत ते मागे बसून रडत होते. मी स्कूटर हळू चालवली. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस माझ्या शेजारी बसतो, हे मला तेव्हा कळलं.

या उन्हाळ्यात आप्पा गेले, लिंगैक्य झाले. त्यांच्या मुलानं मला पेटी दाखवली. मधलं एक घर रिकामं होतं. खालच्या चिठ्ठीवर आप्पांच्या अक्षरात लिहिलं होतं: "आजोबांचा बिल्ला. सापडला. जागेवर आहे."