पाहुणे गेल्यावर काढायची जाळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला वाटतं, आर्वीजवळच्या त्या कापसाच्या जिनिंगमध्ये मी एकदा दुभाषी म्हणून गेलो, छान इंग्रजी बोललो — झालं.

मी वर्ध्याच्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवतो. युरोपातले भागधारक आता गप्प बसत नाहीत, वार्षिक सभेत संचालकांना जाब विचारतात — हे मी वर्गात किती चवीनं सांगायचो! मग तसंच एक प्रकरण आमच्या दारात आलं. तिकडची एक कपड्यांची कंपनी, कापूस आपल्याकडचा. काही भागधारकांचा ठराव होता — जिनिंगमधल्या मजुरांच्या सुरक्षिततेची तपासणी कंपनीनं स्वतः करू नये, बाहेरच्यांकडून करवावी. ठराव सभेपुढे जाण्याआधी त्यांच्यातली एक बाई स्वतः पाहायला आली. तिचे कान म्हणजे मी.

रेखाबाई मशीनवर कापूस लोटत होती. रोलरसमोर नवीकोरी जाळी — हात आत जाऊ नये म्हणून. ही नेहमी असते का, गोऱ्या बाईनं विचारलं. मी रेखाबाईला विचारलं. ती पदरानं तोंड पुसत म्हणाली,

"सर, पोरगी पाहाले पाहुणे येतात तं घर कसं सारवून ठेवतो आपण? तसं आहे हे. कालच बसवली. तुम्ही गेले का काढतीन. जाळीनं काम हळू होते ना! सांगा बाईले."

बाजूच्या बाया खळखळून हसल्या. त्या बाईलाही हसू आलं. काय म्हणाली ती, तिनं मला विचारलं.

मी म्हणालो — जाळी नेहमी असते, आणि पाहुणे आले म्हणून त्यांना आनंद झालाय.

का? मालक मागे उभे होते, आमच्या कॉलेजच्या संस्थेवर असलेले. पण ते फोनवर बोलत होते. कुणी मला डोळे दाखवले नाहीत. नोकरी माझी पक्की. मग काऊन? जीभ वळली, असं लिहिणार होतो. नाही — मी वळवली.

ठराव मागे घेतला गेला. कंपनी आता स्वतःच लक्ष ठेवणार म्हणे. त्या बाईनं फोन करून माझे आभार मानले. मी ते घेतले, आणि जेवायला बसलो.

पुढच्या हंगामात रेखाबाईचा उजवा हात रोलरमध्ये गेला. मनगटापासून.

कळलं तेव्हा मला काय वाटलं? काही नाही. अजूनही नीट काही वाटत नाही — हेही सांगायलाच हवं.

मध्यंतरी ती आर्वीच्या एसटी स्टँडवर दिसली, डाव्या हातानं पिशवी सावरत. मी तोंड फिरवलं. तिनंच हाक मारली.

"सर, मी तं बोल्ली होती ना? तुमच्यासमोरच बोल्ली. काऊन ऐकलं नसन त्या बाईनं?"

"त्या लोकांचं काय, रेखाबाई," मी म्हणालो. "येतात, फोटो काढतात, जातात."

"हव न. तुम्ही तरी काय करान?" बस लागली होती. तिनं मलाच पुढे केलं. "चढा सर, जागा भेटून जाईन."

मी चढलो. खिडकीची जागा मिळाली.

त्या बाईनं ऐकलं नाही, असं झालंच नव्हतं. मी तिच्यापर्यंत जाऊ दिलं नाही. हे रेखाबाईला सांगायचं बाकी आहे. आणि रेखाबाईचं ते बोलणं, जसंच्या तसं, त्या बाईला.