रेडिओचा ओला अर्थ

उमापुरात पहिला रेडिओ आमच्या घरी आला आणि तो चालवायला एक माणूस जुंपावा लागला. (बैल चालला नसता. बैलाला अर्थ सांगता येत नाही.)

मोगलाईचे, म्हणजे निजामाचे, दिवस होते. गावात वीज होती ती फक्त आभाळात. तलवाड्याच्या आबासाहेबांचा मुलगा माझ्या बहिणीसाठी, काशीसाठी, बघितलेला होता. 'बघितलेला' म्हणजे काशीनेच त्याला तिथल्या जत्रेत बघितला होता आणि तेव्हापासून ती कुणी न विचारता सांगत सुटली होती की तलवाड्याचं पाणी लई गोड! पण आबासाहेब मुलगी बघायला यायचं नाव घेईनात. त्यांना नाद एकच, गाण्याचा. तेव्हा मी, घरातला सातवी पास शहाणा, तलवाड्याच्या बाजारात ठोकून दिलं की आमच्या ओसरीवर रोज संध्याकाळी अख्खं हैदराबाद गातं. दुसऱ्याच दिवशी आबासाहेबांचा निरोप आला: पुढच्या शुक्रवारी गाणं ऐकायला येतो, मुलगीही बघू.

मुलगी'ही'! आमच्या घरात मुलगी होती, रेडिओ नव्हता.

आमच्या वडिलांनी, दादांनी, माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी जेवणाचं ताट तसंच ठेवून औरंगाबाद गाठलं. येताना रेडिओ आणला, त्याची म्हशीच्या वासराएवढी बॅटरी आणली, आणि ते सगळं जोडायला मेहबूबमियाँ नावाचे मिस्त्री आणले. मियाँनी घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या छपरावर, बांबू उभारून तार ताणली. बांबू इतका उंच, की त्याच्या शेंड्यावर बसलेला कावळा खाली बघायला घाबरायचा! इतक्यात गेवराईच्या मोटारीचा भोंगा वाजला. मियाँ धावले, मी मागे धावलो, आणि पुढचं सगळं शिक्षण मला चालत्या मोटारीच्या पायरीवरून मिळालं.

"ऊपर की तार मैं लगा दिया! काली तार अर्थ को देना! अर्थ बराबर नै तो डब्बा बोलता नै!"

"कैसा अर्थ?" मी ओरडलो.

"गहरा! और हमेशा गीला रखना! बादल गरजे तो ऊपर की तार बी अर्थ को जोड देना, नै तो घर जल जाता!"

बाकीचं धुळीत गेलं. मी घरी येऊन दादांना समजावलं की यंत्र नुसता आवाज काढतं, त्याला अर्थ आपण पुरवायचा. तोही खोल आणि ओला.

"वला?" दादा म्हणाले. "अर्थ वला कसा असतो रं?"

"डोळ्याला पाणी आणतो तो वला," मी म्हणालो. सातवी उगाच पास झालो नव्हतो.

असा अर्थ सांगणारा माणूस पंचक्रोशीत एकच, मारुतीच्या देवळात पोथी सांगणारे ग्यानबाबुवा. त्यांचा अर्थ इतका खोल, की संध्याकाळी त्यात उतरलेली माणसं सकाळी गुरं सोडायच्या वेळेला वर यायची. आधी बुवा स्वतः रडायचे, मग बाया, मग गडी, आणि शेवटी पायरीवरचं कुत्रं.

बुवांना ओसरीवर उभं केलं आणि काळी तार त्यांच्या मुठीत दिली. (ती तार अंगणापर्यंत पुरेल एवढी लांब मियाँनी कशाला ठेवली, हे मला तेव्हा कोडंच होतं.) कळ फिरवली. नुसती खरखर! बुवांनी डोळे मिटले. "ही जी खरखर हाय," ते म्हणाले, "हा अडकलेल्या जिवाचा आकांत हाय." आणि त्यांचा पहिला अश्रू ओघळतो न ओघळतो तोच खरखरीतून एक बाई बारीक आवाजात गायला लागली!

हसू नका, खरंच गायली! काशीनं सकाळीच ओसरी सारवली होती आणि बुवा ओल्या शेणावर अनवाणी उभे होते, एवढंच त्यातलं रहस्य. पण त्या दिवशी मी गावभर छाती काढून फिरलो.

शुक्रवारी आबासाहेब आले. काशीनं हट्टानं पुन्हा ओसरी सारवली होती. पाहुण्यांसमोर बुवांना उभं ठेवणं बरं दिसेना, म्हणून दादांनी त्यांच्यासाठी पाट मांडला. बुवा पाटावर मांडी घालून बसले, तार धरली, आणि रेडिओ मुका झाला. बुवांनी दुःखाचा अर्थ सांगितला, वैराग्याचा सांगितला. हैदराबाद हूं की चूं करेना. आबासाहेबांनी उपरणं सावरलं. ते सावरणं निघायचं होतं. आत दाराआड काशीच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

मी बुवांच्या कानाशी लागलो. "बुवा, अर्थ उथळ झालाय."

"उथळ? माझा?" बुवा ताडकन उठले, त्यांचा पाय जमिनीला लागला आणि हैदराबाद गायला लागलं! ते खाली बसले, गाणं गेलं. उठले, आलं.

"हे कावून असं?" आबासाहेब म्हणाले.

"उभ्यानं अर्थ पार तळाला जातो," मी सांगितलं.

बुवा उभे राहिले. आबासाहेबांची मान डोलू लागली, दादांनी डोळ्यांनी खूण केली, काशी डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून येऊन बसली. सगळं इतकं छान जमलं होतं, की आता आभाळ गरजणार हे मला कळायलाच हवं होतं.

आभाळ गरजलं! मला मियाँचा शब्द आठवला. घर वाचवणं माझ्या हातात होतं. मी खिडकीतून आलेल्या वरच्या तारेकडे बोट केलं.

"बुवा, दुसऱ्या हातात ती बी धरा."

"कावून?"

"अर्थाला दिली न्हाई, तर वीज घरात येती म्हणं."

"आन् दिली तर?"

एवढा खोल विचार मी केला नव्हता. "मंग... तुमच्यात जाईल."

बुवांनी आयुष्यभर मोक्ष सांगितला होता, पण तो असा समोर आलेला बघून त्यांनी धोतर सावरलं आणि अंगणात उडी मारली. घाबरलेल्या माणसाची मूठ सुटत नाही. काळी तारही त्यांच्यासोबत गेली. गुरांच्या हौदापाशी चिखलात त्यांचा पाय घसरला आणि तारेसकट बुवा असे बसले, की रेडिओतून हैदराबाद एकदम गर्जलं! गोठ्यातल्या म्हशीनं दाव्याला हिसका दिला. चिखलात बसलेले बुवा रागानं म्हणाले, "आता तरी झाला का खोल?"

आणि काशी हसली. मुलगी बघायच्या वेळी पोरीनं मान वर करायची नसते, आणि ही खदखदा हसली! पदर तोंडात कोंबला, तरी हसू कडेनं सांडत राहिलं. दादांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला.

आबासाहेब उठले. थेट अंगणात गेले. बुवांच्या मुठीतून तार सोडवली, चिखलातून काढली, गाणं गेलं. पुन्हा खुपसली, आलं.

"अर्थ म्हंजे भुई हाय बे!" ते माझ्याकडं बघून म्हणाले. "आमच्या तहसीलदाराच्या बंगल्यावर बी तार अशीच पुरलीय. इंग्रज लोक भुईला अर्थ म्हणतात. आभाळ गरजतंय, आधी ते बंद कर."

मी गप कळ बंद केली. त्यांनी कोरड्या काठीनं वरची तार सोडवून बाहेर भुईला नेऊन लावली. घर वाचलं, बुवा वाचले. पण सोयरीक? आबासाहेब पाय धुऊन आले आणि काशीसमोर बसले.

"माझं अर्धं आयुष्य गाणं ऐकण्यात गेलं," ते दादांना म्हणाले. "पोरगी सुरात हसती. आमाला पसंत हाय."

काशी तलवाड्याला नांदायला गेली. लग्नात रेडिओ वाजला, त्याची तार तुळशीच्या ओल्या आळ्यात पुरली होती, आणि ग्यानबाबुवा तिच्यापासून चार हात लांब, पाटावर मांडी घालून, ठणठणीत कोरडे बसले होते.

मी अजूनही कुणाला काही समजावून सांगायला लागलो, की काशी आत जाते, तांब्या भरून आणते आणि माझ्या पायांवर ओतते. म्हणते, "हं, भाऊ, आता सांग. आता कदाचित अर्थ लागंल."