धर्माची होडी आणि न उडालेला ड्रोन

वरळी कोळीवाड्यातल्या धर्माच्या पोटात बातमी म्हणून कधी टिकली नाही. तीस वर्षं समुद्रात काढलेला हा माणूस, पण आनंद झाला की दहा जणांना सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. मुलगी प्राची ड्रोन उडवायची परीक्षा पास झाली आणि त्याने धक्क्यावर उभं राहून जाहीर केलं, "माझी नवी होडी पान्यात उतरंल तवा पोरगी आभाळातून शूटिंग करनार!" झालं. अख्खा कोळीवाडा तयारीला लागला. बायकांनी तर साड्याही काढून ठेवल्या.

आदल्या दिवशी सकाळी प्राची म्हणाली, "पप्पा, ड्रोन उडणार नाही. अर्ज केला होता, पण परवानगी आली नाही. विमानतळ जवळ आहे."

"जवळ? टॅक्सीनं तास लागतो!"

"विमानाला लागत नाही ना."

"एवढंसं खेळनं तुझं. पायलटला दिसनार पन नाय."

"म्हणूनच तर बंदी. इंजिनात गेलं तर आत दोनशे माणसं असतात."

धर्मा उखडला. सगळ्यांसमोर नाक कापलं जाणार, याची त्याला धास्ती. "एकदाच गो बाय, दोन मिनटं! कोन बघतंय?"

प्राचीने आवाज चढवला नाही. "पावसाळ्यात मासेमारी बंद होती तेव्हा रूपेशकाकाही एकदाच जाऊन येतो म्हणाला होता. तुम्ही काय केलंत?"

सख्ख्या धाकट्या भावाची होडी धर्माने धक्क्यावरच अडवली होती, आणि रूपेशने वर्षभर अबोला धरला होता. धर्माने चहा अर्धाच ठेवला, पायात चपला सरकवल्या आणि धक्का गाठला. बढाई मारली होती त्याहून मोठ्या आवाजात त्याने सांगून टाकलं, "ड्रोन नाय उडनार! कायदा हाय!"

सगळ्यांत आधी रूपेशच खो खो हसत सुटला. "मला अडवलास ना? आता पोरीनं तुला अडवला!" हसत हसतच तो घरी गेला आणि झेंड्याचा सगळ्यात लांब बांबू घेऊन आला. त्याच्या टोकाला कॅमेरा बांधायची गाठ धर्माने स्वतः मारली.

दुसऱ्या दिवशी होडी उतरली. दोघे भाऊ बांबू तोलत होते, प्राची मोबाइलमध्ये बघून "डावीकडे, डावीकडे!" ओरडत होती, आणि धर्माची बायको तुळसा नारळ वाहताना वर बघून चक्क लाजली. आभाळातून नुसती टाळकी दिसली असती, इथे एकेक चेहरा ओळखू येतो.

तो व्हिडिओ धर्मा अजून गिऱ्हाइकांना थांबवून थांबवून दाखवतो. पण त्याआधी छाती फुगवून सांगतो, "पोरगी ड्रोनवाली हाय माझी. बापानं हात जोडले, तरी उडवला नाय!"