ढाळे खाल्ले, चोरी नाही

सासूबाई चोर ठरल्या त्या संध्याकाळी मी लातूरच्या क्लासमधून नुकतीच घरी आले होते. पोरांना फिजिक्स शिकवून घसा बसला होता आणि कुणाशीही एक शब्द बोलायची इच्छा नव्हती. तेवढ्यात नांदेडहून आत्यांचा फोन आला. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात.

"अगं, मला त्यो शिपाई गावात घेईना झालाय," त्या म्हणाल्या. "येशीतूनच हाकलून देऊन राहिला. आन डोक्यावर लाल अक्षरात लिहिलंय, चोर!"

ऐकणाऱ्याला वाटेल, म्हातारीचं काही तरी बिनसलं. पण हे गाव, ती वेस आणि तो शिपाई मोबाइलवरच्या खेळातले. हजारो माणसं एकाच वेळी खेळतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं, ते लढतं, शेती करतं, बाजारात बसतं. मी कॉलेजपासून खेळते. आत्या खेळायला लागल्या त्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर माझ्याकडे राहायला आल्या तेव्हा. त्याआधी लग्नाला इतकी वर्षं होऊनही आमचं बोलणं 'जेवलीस का' आणि 'तिकडं पाऊस हाय का' यापुढे सरकलं नव्हतं. पडल्या पडल्या त्यांनी एकदा माझ्या फोनमध्ये डोकावून विचारलं, "ही तलवारवाली बाई कोन हाय?"

"मीच आहे, आत्या."

"तूच? मग धड उभी रहा की. पाठीत वाकून ऱ्हायलीस."

आठवड्याभरात त्यांचं स्वतःचं पात्र तयार झालं. त्यांनी वैद्यीण निवडली. नांदेडला परत गेल्या तरी रोज दिवेलागणीला त्यांची वैद्यीण आणि माझी तलवारवाली गावच्या बाजारात भेटायच्या. आत्या झाडाखाली दुकान मांडून बसायच्या आणि नवख्या खेळाडूंच्या जखमा बऱ्या करायच्या, वर त्यांना दोन गोष्टी सुनवायच्या. लोक त्यांना मान द्यायचे. मी शेजारी बसून घरातलं, शेतातलं, नवऱ्याच्या कागाळ्यांचं सगळं बोलायचे. खरं सांगते, मला सासू मिळाली ती त्या बाजारात.

तर त्या दिवशी झालं असं. आत्या लांबच्या जंगलातून औषधी पाला घेऊन येत होत्या. वाटेत लांडगे भेटले, जीव निम्म्यावर आला. रस्त्याच्या कडेला हरभऱ्यासारखं पीक उभं होतं. त्यांनी दोन झाडं उपटली, बांधावर बसल्या आणि खाल्ली. घंटा वाजली, शिपाई धावत आले, आणि खेळात प्रत्येकाच्या नावावर मोजलं जातं ते पुण्य शून्याखाली गेलं. खेळ त्यांनी हिंदीत लावून घेतलेला, म्हणून 'चोर' हा शब्द अगदी स्वच्छ देवनागरीत डोक्यावर आला.

ही चूक आमच्याच भागातलं माणूस करू जाणे. थंडीत हरभरा भरला की नांदेड-लातूर रस्त्यावर कुठेही गाडी थांबवा, दोन ढाळे, म्हणजे ओल्या घाट्यांची झाडं, उपटा, बांधावर बसून खा. मालकानं पाहिलं तर तो लांबून ओरडतो, पण काय ओरडतो? "तिकडचे घ्या, ते चांगले भरलेत!" यालाही कायदा आहे, आणि आत्या तो कडक पाळतात. पोटात गेलं ते खाणं, पिशवीत गेलं ती चोरी. एकदा किल्लारीच्या वाटेवर त्यांच्या दिरानं पिशवी भरून ढाळे जीपमध्ये टाकले, तर या बाईनं जीप माघारी फिरवायला लावली आणि दिराच्या हातानं पिशवी मालकाच्या बांधावर ठेवून घेतली. दीर तेव्हा सरपंच होते.

अशा बाईच्या डोक्यावर चोर.

मी म्हटलं, "आत्या, काही नाही होत. एक बटण आहे बघा, कबुलीचं. ते दाबलं की थोडा दंड घेतात आणि सगळं पुसलं जातं."

"काय लिहिलंय त्याच्यावर?"

"मी चोरी केली, मला पश्चात्ताप आहे."

मग आत्या म्हणाल्या, "केलीच न्हाई तर कबूल कशाला करू?"

"खेळ आहे हो तो."

"मग खेळात काय बी कबूल करायचं का? नाव तर माझंच हाय ना तिथं."

त्यांचं बरोबर होतं, म्हणून मला राग आला. मला असाच राग येतो. मी तो खेळाच्या मदतकेंद्रावर काढला. चांगली लांबलचक तक्रार लिहिली, ढाळ्याची चाल समजावून सांगितली. मिनिटाच्या आत उत्तर आलं: आपली भावना आम्ही समजतो, कृपया कबुलीचं बटण वापरा. मी पुन्हा लिहिलं की प्रश्न बटणाचा नाही, चोरी झालीच नाही. पुन्हा उत्तर आलं: आपली भावना आम्ही समजतो. त्यांना माझी भावना इतक्या वेळा समजली की शेवटी मीच गोंधळले, नेमकी कोणती होती ती.

जिवाला लागली ती वेगळीच गोष्ट. त्याच खेळात एका टोळीचा म्होरक्या होता. नवख्या खेळाडूंना आडवाटेला गाठायचा, मारायचा, लुटायचा. आत्यांचं पाल्याचं गाठोडंसुद्धा त्यानं एकदा पळवलं होतं. आणि या महाशयांच्या डोक्याभोवती सोनेरी वलय होतं! कारण लुटून आला की तो देवळापुढच्या भिकाऱ्यावर बोट ठेवून दान, दान, दान असं दाबत बसायचा. भिकारी दर वेळी तेच आशीर्वाद द्यायचा, पुण्य वर चढायचं. करून करून भागले आणि देवपूजेला लागले, हे आमच्या म्हणीत टोमणा म्हणून आहे. इथे तो नियम होता. शिपाई त्याला वेशीवर मुजरा करायचे आणि आत्यांना भाला दाखवायचे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते डोळ्यांसमोर चाललं होतं.

आत्यांचं दुकान बंद झालं. त्या वेशीबाहेर दगडावर बसू लागल्या. मी बाहेर जाऊन त्यांच्याजवळ बसायचे, पण खेळाचा आणखी एक नियम होता. चोराशी, किंवा वेस बंद झालेल्या कुणाशीही, संगत ठेवली की आपलंही पुण्य घटतं. माझं रोज थोडं थोडं घटत गेलं आणि एके दिवशी माझ्याही डोक्यावर शब्द उमटला: चोराची सोबतीण. मलाही वेस बंद झाली. आत्या म्हणाल्या, "तू जा गं, तुझं कशाला वाटोळं करून घेतीस?" मी गेले नाही. इतकी वर्षं ज्या बाईशी पावसापाण्यापलीकडे बोलले नव्हते, तिला एकटीला दगडावर बसवून बाजारात फिरायची माझी छाती झाली नसती.

तिथेच बसल्या बसल्या एकदा आत्यांनी विचारलं, "मी ढाळे खाल्ले ते रान हाय कुणाचं?"

मी शोधलं. कुणाचंच नव्हतं. खेळानं नुसतं दाखवायला लावलेलं पीक होतं.

"मालकच न्हाई तर फिर्याद कुणाची?" आत्या म्हणाल्या. "फिर्यादीबिगर चोर कसा करतेत?"

आयुष्यभर भाऊबंदकीच्या बैठका ऐकलेल्या बाईचा प्रश्न होता तो, आणि मी फिजिक्सवाली असूनही हा साधा मुद्दा मला सुचला नव्हता. मदतकेंद्राला विचारलं, तर त्यांना आमची भावना समजली.

मग मी ठरवलं, मालक पाहिजे ना? मीच होते. खेळात घर बांधायला म्हणून मी बरेच दिवस साठवत आले होते. ते सगळं घालून रस्त्याकडेचं एक रान घेतलं आणि तेच पीक पेरलं. भरल्यावर आत्यांना बोलावलं. सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, "या आत्या, बसा, पोटभर खा." त्यांनी एक झाड उपटलं. घंटा वाजली, शिपाई आले. मालकीण समोर उभी राहून आग्रह करते आहे, तरी चोर. वर मदतकेंद्राचा मला निरोप: आपल्या शेतातील चोरीबद्दल आम्हाला खेद आहे, चोराला शिक्षा झाली आहे.

आत्या फोनवर इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. खूप दिवसांनी हसल्या होत्या. हसू ओसरल्यावर म्हणाल्या, "आता आसं कर. एकटीला कशाला बोलावतीस? समद्यांलाच बोलव ढाळे खायला."

रविवारी दुपारी बोलावलं. खेळातल्या गप्पांच्या फळ्यावर मी मराठीत लिहिलं: आमच्या रानात ढाळे खायला या, मालकीण हजर आहे, खाऊन जायचं, बांधून न्यायचं नाही. मला वाटलं, ओळखीचे चार जण येतील. पण ज्याला हे वाचून हसू आलं तो प्रत्येक जण आला. औशाचे, मुरुडचे, उदगीरचे, देगलूरचे. आत्यांकडून कधी ना कधी जखम बांधून घेतलेले कितीतरी, ज्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं तेसुद्धा. एका ओळीत बसून सगळे खायला लागले आणि एकेक करून चोर होत गेले. घंटा थांबेना. शिपाई इकडून तिकडे धावत होते, कुणाला पकडावं त्यांना कळेना. गावात तर शुकशुकाट, कारण बाजार करणारे सगळेच चोर होऊन आमच्या बांधावर बसलेले. विकायला कुणी नाही, घ्यायला कुणी नाही.

आत्या बांधावरून फिरत विचारत होत्या, "पोट भरलं का रे? तिकडचे घ्या, ते चांगले भरलेत." मी इकडे लातुरात फोन हातात धरून एकटीच मोठ्यानं हसत होते. नवरा येऊन पाहून गेला. त्याला सांगितलं, तुझी आई दरोडेखोरांची सरदार झाली आहे.

एवढ्यात तो सोनेरी वलयवाला आला. खाल्लं नाही, बसला नाही. सरळ पोतं काढलं आणि माझं निम्मं रान कापून भरलं. त्याच्याही डोक्यावर 'चोर' आलं. त्यानं तिथेच, सगळ्यांच्या देखत, कबुलीचं बटण दाबलं. चोर पुसलं गेलं. पोतं खांद्यावर घेऊन तो गावाकडे निघाला आणि वेशीवरच्या शिपायानं त्याला मुजरा केला. बांधावर बसलेली सगळी 'चोर' मंडळी बघत राहिली.

त्यानं हे मुद्दाम आम्हाला खिजवायला केलं. पण आमची बाजू त्याच्याइतकी चांगली कुणाला मांडता आली नसती. निम्म्या लोकांनी ते चित्रित केलं होतं. संध्याकाळपर्यंत ते सगळीकडे पसरलं आणि सगळ्यांनी मिळून मदतकेंद्राला एकच प्रश्न पाठवला: यातला चोर कोण?

यावर मात्र 'आपली भावना आम्ही समजतो' आलं नाही. दुसऱ्या दिवशी खरंखुरं माणूस बोललं. ओळखायला सोपं होतं, कारण त्यानं आधी माफी मागितली आणि मग थेट आत्यांना विचारलं की मग नियम काय असावा. आत्यांनी मला फोनवर सांगितलं आणि मी जसंच्या तसं लिहून पाठवलं: "पोटात गेलं ते खाणं, घेऊन गेलं ती चोरी. आन फिर्याद मालकाची. एवढंच हाय, बाळा."

थोड्या दिवसांनी खेळाची नवी आवृत्ती आली. वाटेवरच्या रानात बसून खाल्लं तर गुन्हा नाही. पोतं भरून नेलं तर गुन्हा, आणि मालकाचा माल परत केल्याशिवाय कबुली चालणार नाही. वलयवाल्याचं वलय गेलं, तो चरफडत सगळ्यांची गाठोडी परत करत हिंडला. आणि ढाळे खाल्लेल्या सगळ्यांच्या डोक्यावरचं 'चोर' आपोआप गेलं. कबुली न देता. आत्यांनी बटणाला शेवटपर्यंत बोट लावलं नाही.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी वेशीपाशी गेलो. पुढे आत्या. शिपायानं भाला बाजूला घेतला आणि वाकून म्हणाला, पधारिए. मला इतका आनंद झाला की बसल्या जागी डोळे भरून आले. मी त्यांच्यामागून पाऊल टाकलं आणि भाला आडवा आला.

मी त्या दिवशी ढाळे वाढले होते, खाल्ले नव्हते. माझ्यावर चोरीचा डाग नव्हताच, संगतीचा होता. तो पुसायला खेळवाले विसरले होते. चोर सुटली आणि चोराची सोबतीण अडकली! मी चिडून मदतकेंद्राला लिहायला बसले.

"आत्या, तुम्ही व्हा पुढे," मी फोनवर म्हटलं. "दुकान लावा. सगळे वाट बघताहेत. माझं होईल दोन दिवसांत."

आत जाऊन त्या वळल्या. वेशीतून परत बाहेर आल्या, माझ्याजवळच्या त्याच दगडावर बसल्या आणि औषधाची गाठोडी सोडून तिथेच दुकान मांडायला लागल्या.

"अहो, पुण्य जाईल तुमचं," मी म्हटलं. "परत लाल व्हाल."

"जाऊ दे. रोज थोडं थोडं जाईल," आत्या म्हणाल्या. "तुझं बी तसंच गेलं की."

थोड्या वेळानं पहिलं गिऱ्हाईक बाहेर आलं. मग दुसरं. मग बाजारातले दुकानदार आपापली दुकानं उचलून वेशीबाहेर मांडायला लागले. एका नवख्यानं माझ्या डोक्याकडे बघून आत्यांना विचारलं, ही कोण?

आत्यांना टंकायला वेळ लागतो. एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, "सून हाय माझी."