उसन्या आवाजाचा राक्षस

ग्रंथालयात तिला सगळे खळबाई म्हणत. फाटकी पुस्तकं शिवायची, खळ लावून पुठ्ठा चढवायचा, हे काम ती एकवीस वर्षं करत होती. खळ वाळेपर्यंत हाताला लागेल ते वाचायची. सगळ्यांत जास्त फाटून यायच्या त्या अद्भुत कादंबऱ्या. त्यामुळे राक्षसांची कुळकथा तिला तोंडपाठ होती. कुणा लेखकाचे राक्षस माणसाच्याही आधी आगीतून जन्मलेले, तर कुणाचे माणसानं गिळलेल्या रागातून.

घरी मात्र तिचं शहाणपण चालेना. आईमागे जिनं तिला लहानाचं मोठं केलं, त्या थोरल्या बहिणीची, ताईची, स्मरणशक्ती विझत चालली होती. "चोरटी मेली! माझ्या बांगड्या दे!" ताई ओरडायची. बांगड्या तिच्याच हातात. खळबाई त्या दाखवायची, हमरीतुमरीवर यायची आणि मग मोरीत जाऊन रडायची.

एकदा मधली पानं सुटलेली एक कादंबरी टेबलावर आली. तिच्यातला राक्षस मुका होता. ज्याच्यात शिरेल त्याचाच आवाज उसना घ्यायचा. कुणी वाद घातला की पोसला जायचा. म्हणून गावची सुईण त्याला उत्तरच देत नसे. आत अडकलेल्या माणसाशी बोलत राही. खळबाईनं दोरा ओवायचा सोडून ते पान तीनदा वाचलं.

त्या संध्याकाळी ताईनं चोरीचा पाढा सुरू केला. खळबाईनं बांगड्यांचं नावच काढलं नाही. ताईच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "ताई, माझी वेणी घालून देतेस?"

ताई घुटमळली. मग बोटं केसांत शिरली. "केवढा गं हा गुंता! हलू नकोस बघू."

खळबाईच्या डोळ्यांना धार लागली, पण ती हलली नाही.

डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "बाई, हा आजार आहे, राक्षस नव्हे."

"ते कळतं हो मला. पण कुणाशी भांडायचं नाही नि कुणाशी बोलायचं, हे तुमच्या चिठ्ठीत कुठं होतं?"

डॉक्टर हसले आणि त्यांनी कादंबरीचं नाव लिहून घेतलं.

ताई बरी झाली नाही. पुढची तीन वर्षं शिव्याही आल्या नि वेण्याही. ती गेल्यावर खळबाईनं कादंबरीच्या लेखिकेला प्रकाशकाच्या पत्त्यावर चार ओळी धाडल्या: "तुमच्या सुईणीमुळे माझी बहीण मला आणखी तीन वर्षं भेटत राहिली. तुमचं भलं होवो."

उत्तर आलं नाही. तिला ते नकोच होतं.