न घासलेल्या दातांच्या शोधात : बोईसर ते माहीम

गेल्या महिन्यात दोन दिवस पालघरकडे जाऊन आले. समुद्र बघायला नाही, लोकांची न घासलेली तोंडं बघायला. हसू नका, पोटापाण्याचा उद्योग आहे माझा.

मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत हिरड्या सडवणाऱ्या एका जंतूवर काम करते. हा पठ्ठ्या दात आणि हिरडीच्या फटीत राहतो. हिरडी सुजली की तिथली उष्णता वाढते, शरीर त्याच्यावर मारा करतं आणि त्याची स्वतःची प्रथिनं वेडीवाकडी होतात. मग तो प्रोटीएझ नावाची विकरं कामाला लावतो, कात्र्याच समजा. बिघडलेलं कापायचं, तुकडे परत वापरायचे आणि जगायचं. आपल्या हिरडीची प्रथिनं कापून पोट भरायचं तेही ह्याच कात्र्यांनी. पण आमच्या फ्रीजरमधले जंतू वर्षानुवर्षं लाडात वाढलेले. मला खऱ्या तोंडातला, हाल सोसलेला हवा होता. तो मिळाला नाही तर प्रकल्प गुंडाळायचा, असं प्रमुखांनी बजावलं होतं. आई गेल्यापासून सकाळी उठायला माझ्याकडे तेवढं एकच कारण उरलं होतं.

पहाटे गाडी काढली. बोईसरला जायचं तर अहमदाबाद महामार्गावर मनोरच्या पुढे चिल्हार फाट्याला डावीकडे वळा. कारखान्यांचे कंटेनर पुढे असले की ओव्हरटेकचा मोह टाळा. बेटेगावच्या एका चाळीत कारखान्यातले चार कामगार नमुने द्यायला तयार होते. सकाळी दात घासू नका, चूळही भरू नका, असं फोनवर दोनदा सांगितलं होतं. गेले तर चौघेही चकाचक.

“मॅडम, मेहमान आए और मुँह से बास मारे, अच्छा लगता है क्या?” त्यांच्यातला थोरला म्हणाला.

नियमाप्रमाणे चारही नमुने बाद. चहा मात्र झकास होता. स्टेशनजवळ हजार रुपयांत स्वच्छ खोली मिळाली. खाणावळीत तळलेले बोंबील आणि तांदळाची भाकरी मागवली, तर मालकाने विचारलं, “एकच ताट?” हो म्हटलं आणि समोरची रिकामी खुर्ची टेबलाखाली सरकवली.

दुसऱ्या दिवशी पालघरवरून माहीम; मुंबईतलं नव्हे, केळव्याजवळचं. नारळ-सुपारीच्या वाड्यांतला हा रस्ता सकाळी आठच्या आत गाठा, सावली आणि शांतता दोन्ही मिळतात. ओळखीतून नमुन्यांसाठी गाठलेल्या सविताताईंची वाडी आहे तिथे. त्यांनी शेजारच्या पाच बायका जमवल्या होत्या. सगळ्यांनी मिठाच्या पाण्याने खळखळून चुळा भरलेल्या!

“तुमी पुण्यावरनं येनार, मग आमी अशाच बसू काय?” सविताताई म्हणाल्या. मला रडावं की हसावं कळेना. पानात उकडहंडी, म्हणजे मडक्यात शिजवलेले कंद आणि शेंगा, वाढली होती, ती मुकाट्याने खाल्ली. हिवाळ्यात गेलात तर चुकवू नका.

निघताना त्यांना आठवलं. “यमुनाकाकीला इचारू या. वाडीच्या टोकाला एकटीच ऱ्हाते.”

काकी ओट्यावर बसल्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या, “नाय घासले. चार दिस झाले. माजं तोंड बघायला येतंय कोन?”

त्यांच्या सुजलेल्या हिरडीत मी कागदाची बारीक काडी सरकवली, बाटलीत घालून बूच घट्ट लावलं. माझा जीव भांड्यात पडला. काकींनी माझं मनगट धरलं. “ह्यो दात हलतो गो. तूच बघ ना.”

मी दातांची डॉक्टर नाही, पालघरला दाखवा, असं म्हणून मी हात सोडवून घेतला. बाटली संध्याकाळच्या आत पुण्याला पोचायला हवी होती. ते खरंच होतं, तरी मला स्वतःची लाज वाटली. केळव्याचा किनारा तिथून थोड्याच अंतरावर, तोही पाहिला नाही.

काकींचा जंतू वाढला. ताप दिला, उपाशी ठेवला, तरी टिकला. प्रकल्प वाचला, प्रयोगशाळेत पेढे वाटले. घरी येऊन कुलूप काढलं आणि ही बातमी सांगायला कुणी नाही हे लक्षात आलं. मग सविताताईंना फोन लावला. त्यांनी तो काकींकडे नेऊन दिला.

“जगला काय गो त्यो किडा?”

“जगला, काकी. मजेत आहे.”

“त्याचं बरं हाय. त्याला तू हायस.”

दात दाखवला का, विचारलं. नाय, म्हणाल्या, एकटीनं दवाखान्यात बसवत नाय. मी म्हटलं, शनिवारी येते, आपण दोघी जाऊ. संध्याकाळी केळव्यालाही जाऊ.

काकी हळूच म्हणाल्या, “मग शनवारी दात घासून बसू ना?”