आबांचं ‘आमी’

देवाची मला पहिल्यांदा नीट आठवण झाली ती सांगलीत खोली शोधताना, आणि तीही रागाने. सत्तरच्या दशकातली गोष्ट. बहात्तरचा दुष्काळ नुकताच मागे पडला होता. मी कोरेगावकडच्या एका खेड्यातून सांगलीला पत्र्याच्या ट्रंका बनवणाऱ्या कारखान्यात कामाला आलो होतो. कारखाना म्हणजे एक लांबट शेड, चार कारागीर आणि दिवसभर पत्र्याची ठणठण. ट्रंका जायच्या बहुतेक फौजेतल्या पोरांना, आणि त्यांच्यावर पांढऱ्या रंगात नाव, नंबर, पलटण लिहायचं काम माझ्याकडे होतं. दिवसभर मी दुसऱ्यांची आडनावं सुबक अक्षरात रंगवायचो आणि संध्याकाळी खोली बघायला गेलो की घरमालक माझं आडनाव विचारायचे. आडनाव सांगितलं की खोली आदल्या दिवशीच कुणाला तरी दिलेली निघायची. आठ-दहा घरं झाल्यावर मी स्वतःच विचारू लागलो, “खोली काल दिली की परवा?” एक बाई तेवढ्या हसल्या, पण खोली त्यांचीही गेलेलीच होती.

शेवटी कारखान्याच्या मालकांनी, मुनीरचाचांनी, शेडवरच्या माळ्यावर माझी वळकटी टाकून घेतली. चाचा साठीचे, ठेंगणे, कानाने थोडे अधू. पत्र्याच्या आवाजाने कान गेले म्हणायचे, पण स्वतःच्या कामाचं कुजबुजलेलंही त्यांना ऐकू जायचं. पहिल्याच दुपारी मी तांब्या वर धरून पाणी प्यालो, गावाकडची सवय, ओठ लागू द्यायचे नाहीत. चाचांनी तो तांब्या माझ्या हातातून घेतला, तोंडाला लावून घटाघटा प्यायले आणि परत माझ्या हातात दिला. “वरनं पितोस तर शर्ट भिजतुया,” एवढंच म्हणाले. त्यांच्या ते लक्षातही राहिलं नसेल. मी मात्र त्या तांब्याचा विचार करत कितीतरी दिवस काढले.

माळ्याच्या खिडकीतून मशिदीचं अंगण दिसायचं. संध्याकाळची बांग झाली की चाचा हात पुसत निघायचे आणि मी खिडकीतून बघत बसायचो. रांगेत कापडाचे मोठे व्यापारी असायचे, त्यांच्या खांद्याला खांदा लावून आमचा पत्रा ठोकणारा कारागीर असायचा, आणि सगळे एकदम खाली जायचे. मला ते फार आवडायचं. काही महिन्यांनी मी खिडकी सोडून मशिदीच्या ओवरीत मागे जाऊन बसायला लागलो. मौलानासाहेबांनी कधी हटकलं नाही. वर्षभर असं चाललं आणि एक दिवस मी चाचांना म्हणालो की मला मुसलमान व्हायचं आहे.

मला वाटलं होतं, चाचा मिठी मारतील. ते कात्रीने पत्रा कापत होते, तो पुरा कापला आणि मग म्हणाले, “त्या तांब्यापायी म्हनत असशील तर नगं रं बाळा. तांब्या तसाच घे.” मी म्हणालो, तांब्यासाठी नाही. “मग माळ्यापायी?” मी म्हणालो, नाही. “मग घाई कशाला? अल्ला काय एसटी हाय व्हय, चुकली म्हंजे गेली? आदी बापाला इचारून ये.” बापाला विचारायचं, हीच तर माझी अडचण होती.

माझे वडील, आबा, गावात एका गोष्टीसाठी प्रसिद्ध होते. छप्पन साली त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि घरी आल्यावर पहिलं काम केलं ते घराचं दार उंच करायचं. जुनी चौकट इतकी ठेंगणी होती की आत शिरताना वाकावंच लागायचं. आबांनी पहार घेऊन वरची भिंत फोडली आणि हातभर उंच चौकट बसवली. “आता या घरात कुनी वाकून येनार न्हाई आन् वाकून जानार न्हाई,” असं ते दीक्षेचं वर्णन करायचे. त्याआधी त्यांनी वीस वर्षं पाटलापुढे वाकून जोहार घातले होते, पाटलाच्या आळीतून वहाणा काखेत मारून चालले होते. ते सगळं त्यांनी एका दिवसात सोडलं. पावसाळ्यात त्या उंच दारातून पाणी आत यायचं, आई वैतागायची, तरी आबा चौकट खाली घेऊ देत नसत. रोज सकाळी त्रिसरण, ‘बुद्धं सरणं गच्छामि’, म्हणायचे आणि दारात ताठ उभे राहून चहा प्यायचे.

त्याच दारात मी त्यांना सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं, कारण भांडणाची तयारी मी वाटेत एसटीत करून ठेवली होती. ते म्हणाले, “मला एकच सांग. आमी वाकायचं सोडलं म्हनून धरम सोडला. आन् तू वाकाय मिळावं म्हनून धरम घ्यायलायस. ह्ये कसं रं?”

माणसापुढे वाकणं वेगळं आणि देवापुढे वाकणं वेगळं, हे पुस्तकातलं वाक्य मला माहीत होतं. पण ज्यांच्या काखेत वहाणा होत्या त्यांच्यापुढे ते बोलायला जीभ वळेना. न जेवता निघालो तर आईने रस्त्यापर्यंत येऊन भाकरी दिली. सांगलीला पोचेपर्यंत मी एकच मागणं मागत होतो, आणि कुणाकडे मागतोय ते मलाही धड माहीत नव्हतं. आबांना पटेल असं उत्तर मला दे, नाहीतर माझी ही ओढ तरी काढून घे, असं ते मागणं होतं. आबांना दुखवून मला काहीच नको होतं, आणि रांगेतली ती जागाही सोडवत नव्हती. पंधरा दिवस मी मशिदीकडे फिरकलो नाही. त्या दिवसांत एका हवालदाराच्या ट्रंकेवर दुसऱ्याचंच नाव रंगवलं, चाचांनी ते रॉकेलने पुसून काढलं.

पुढचा भाग थोडा मी पाहिलेला आहे आणि थोडा आबांनी नंतर सांगितलेला. एका गुरुवारी राहवलं नाही म्हणून मी संध्याकाळी ओवरीत जाऊन बसलो. नेमके त्याच दिवशी आबा न कळवता सांगलीला आले. कारखान्यात कुणीतरी सांगितलं, पोरगा मशिदीत गेलाय. आबा मशिदीपाशी आले तर बाहेर बायकांची रांग लागलेली. आमच्याकडे संध्याकाळच्या नमाजेला असं असतंच. सगळ्या जातीच्या आया आजारी लेकरं कडेवर आणि पाण्याचे पेले हातात घेऊन उभ्या राहतात, नमाजी बाहेर येताना मनात काही पढून लेकरांवर आणि पाण्यावर फुंकर घालतात. आबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, आत जायची रांग आहे. ते शिस्तीचे माणूस, दोन लेकुरवाळ्या बायकांच्या मधे जाऊन उभे राहिले.

नमाज सुटली आणि लोक बाहेर येऊ लागले. जो येईल तो बाळावर फुंकर घालायचा आणि मग आबांवरही घालायचा. पाच-सहा जणांनी फुंकल्यावर आबा गोंधळले. शेवटी एक अगदी म्हातारे गृहस्थ आले, पांढरी टोपी, स्वच्छ शेरवानी, वयाने जवळजवळ आबांच्या बापाएवढे. त्यांनीही फुंकर घातली आणि विचारलं, “काय हुतंय बाबा तुमास्नी?”

आबा म्हणाले, “मला काय न्हाई झाल्यालं. पोराला झालंय.”

“कुठं हाय पोरगं?”

“आत हाय.”

शेजारची बाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. ते म्हातारेही हसले. आणि तेवढ्यात त्यांचं लक्ष आबांच्या पायांकडे गेलं. आबा अनवाणी उभे होते आणि वहाणा काखेत होत्या. वीस वर्षांपूर्वी सोडलेली सवय अनोळखी गावात, कुणाच्या तरी देवाच्या दारात, त्यांना नकळत परत आली होती. त्यांना ते कळलंच नव्हतं. म्हाताऱ्या गृहस्थांनी त्यांच्या काखेतल्या वहाणा काढून घेतल्या, एक हात भिंतीला टेकून खाली वाकले आणि त्या आबांच्या पायांपुढे सरळ मांडल्या. “घाला बाबा. रस्ता समद्यांचा हाय,” म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले. मी ओवरीच्या पायरीवरून एवढंच पाहिलं की आबा वहाणांकडे बघत उभे आहेत आणि पाय घालत नाहीत.

मी धावत गेलो. मला पाहिल्यावर मग त्यांनी वहाणा घातल्या. आम्ही कारखान्याच्या पायरीवर येऊन बसलो, चाचांनी चहा मागवला आणि त्यांना आत काहीतरी काम आठवलं. आबांनी चहा बशीत ओतला, पण प्यायले नाहीत.

“त्यो म्हातारा वाकला रं,” ते म्हणाले. “माज्यापुढं. माज्या वहानांसाठनं. आन् वाकून बी त्यो ल्हान झाला न्हाई.” बशी खाली ठेवून पुन्हा म्हणाले, “मला वाटत हुतं, वाकला म्हंजे मानूस ल्हानच हुतो.” माझ्याकडून जे उत्तर द्यायचं होतं ते कुणीतरी परस्पर देऊन गेलं होतं, आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. मला रडू आलं आणि मी ते आलेलं राहू दिलं.

मग आबांनी बशी तोंडाला लावली आणि विचारलं, “आत काय चाललं हुतं रं शेवटाला? एकजन कायतरी इचारत हुता आन् समदी म्हनत हुती, आमी, आमी.”

मौलानासाहेब शेवटी दुवा मागतात आणि प्रत्येक मागण्याला लोक ‘आमीन’ म्हणतात. आमच्या बोलीत आम्हीला आमी म्हणतात, तेव्हा आबांच्या कानाला ते दुसरं काय वाटणार? मी समजावून सांगायला तोंड उघडलं, पण आबा पुढे विचारत होते.

“तू बी म्हनलास?”

“म्हणालो.”

“मग झालं तर. ‘मी’ म्हनला न्हाईस न्हवं? ‘आमी’ म्हनलास. आमच्या त्रिसरनात बी सरन जायाचंच हाय की. रोज म्हनतुया मी, आन् वाकायला भ्यालो. जा बाबा तू. तुजं दार उंच हाय का न्हाई, एवढं बगून सांग.”

मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. वर्षभर मी एकटाच ठरवत बसलो होतो, मला काय पटतं, मला काय हवं, माझं काय होईल. ‘मी’ शिवाय त्यात काही नव्हतं. ते ओझं त्या पायरीवर खाली उतरलं, इतकं सहज की मला हसू यायला लागलं. आबाही हसले, आणि आतून चाचांचं हसणं ऐकू आलं. त्यांच्या अधू कानांना तो सगळा संवाद ऐकू गेला होता.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. आबा थांबले. मशिदीचं दार त्यांनी स्वतःच पाहिलं, हात वर करून उंची मापली आणि समाधानाने ओवरीत बसले. कलमा पढवण्याआधी मौलानासाहेबांनी मला विचारलं, तुझ्यावर कुणाचा दबाव नाही ना? मी नाही म्हणायच्या आत ओवरीतून आबांचा आवाज आला, “दबाव हुता त्यो माजा, नगं म्हनून. त्यो काल काडला म्या.” मशिदीत एवढं हसू मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

नमाजेनंतर आबांनी त्या म्हाताऱ्या गृहस्थांचा शोध घेतला. कसे होते विचारलं की म्हणायचे, पांढरी टोपीवाले. त्या अंगणात टोपी पांढरी नव्हती ती फक्त आबांची. शेरवानी, काठी, वय, सगळं सांगून झालं, पण असं कुणी ओळखीचं निघालं नाही. चाचा म्हणाले, परगावचे असतील, कामाला आले असतील. असतील. मी त्यावर वाद घालत नाही आणि आबांनीही कधी घातला नाही. गावात कुणी खोचकपणे माझ्याबद्दल विचारलं तर म्हणायचे, “आमच्यात बापानं एकदा आन् पोरानं एकदा धरम बदलायचा रिवाजच हाय.”

पुढे कितीतरी वर्षं मी गावी गेलो की आबांच्या शेजारी बसून त्यांची वंदना ऐकायचो. वंदनेच्या शेवटी घरातले सगळे तीनदा ‘साधु’ म्हणायचे, आणि त्यानंतर आबा अगदी हळू, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणायचे, “आमी.” मी त्यांना खरा शब्द कधीच सांगितला नाही. ते गेले त्या दिवशी मी त्यांच्या उंच दारात उभा राहून दुवा मागितली. मागून झाल्यावर तोंडून ‘आमीन’मधला शेवटचा ‘न’ काही निघाला नाही. आजही बहुतेक वेळा निघत नाही. ज्याने आबांच्या वहाणा सरळ करून दिल्या, तो एवढा एक ‘न’ सांभाळून घेईल.